निन्की नान्का

मंडळी, आज जरा लांबच्या दलदलीत जाऊ. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा चिमुकला देश आहे. एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. नदीकाठी खारफुटीचं जंगल, चिखल आणि भरती-ओहोटी. या चिखलात 'निन्की नान्का' राहतो असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

अंग मगरीचं, मान जिराफाची, तोंड घोड्याचं, डोक्यावर शिंगं. ज्याला तो दिसला तो थोड्याच दिवसांत मरतो म्हणतात. आता गंमत बघा. पाहणारा जगतच नाही, तर वर्णन करणार कोण? म्हणूनच प्रत्येकाचा निन्की नान्का वेगळा!

२००६ साली इंग्लंडहून काही हौशी संशोधक त्याच्या शोधात तिथे गेले. माणसांना भेटले, गोष्टी टिपून घेतल्या. एकाने तर तो चिनी ड्रॅगनसारखा दिसतो असं सांगितलं. पुरावा काही मिळाला नाही.

मला वाटतं, त्यांनी प्रश्नच चुकीचा विचारला. प्राणी आहे का, यापेक्षा गोष्ट कशासाठी आहे, हे विचारायला हवं होतं. आईबापांचं न ऐकता दलदलीत एकटं जाणाऱ्या पोराला निन्की नान्का धरतो, असं तिथल्या मुलांना सांगतात. त्या पाण्यात मगरी खऱ्या, पाणघोडे खरे, पाय रुतणारा चिखलही खरा. शिवाय याच नदीवर जेम्स बेटावरच्या किल्ल्यातून इंग्रजांनी माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली. गोष्ट त्यातूनच जन्मली असं मी म्हणणार नाही, तसा आधार नाही. पण पोर एकटं नदीकडे गेलं की त्या काळच्या आईच्या काळजात काय होत असेल, हे कळायला पुरावा लागत नाही.

त्याच देशात बकाऊ गावी काचिकली नावाचं तळं आहे. तिथल्या मगरी पवित्र मानतात. मूल व्हावं म्हणून बायका त्या पाण्याने स्नान करतात. म्हणजे सरपटणाऱ्या जिवाचं भय आणि त्याच्यावर श्रद्धा, दोन्ही एकाच मातीत.

आपण शिकलेली माणसं अशा गोष्टींना अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. भीती घालून मुलं वाढवावीत असं मीही म्हणणार नाही. वर्गात ते कधी पटलं नाही. पण जिथे कुंपण घालता येत नव्हतं, तिथे कुणीतरी गोष्टीचं कुंपण घातलं, एवढं तरी मान्य करायला हवं.

असो. तुमच्या गावच्या विहिरीत कोण राहत होतं, ते जरूर कळवा.