पितळी चाकाचा रंधा

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन लोखंडी रंधा मागा. दुकानदार पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवील. आत तेलकट कागदात गुंडाळलेला ओतीव लोखंडाचा रंधा असेल: मागे मूठ, पुढे गोल बोंडी, मध्ये ४५ अंशांत कललेलं पातं आणि पात्याच्या मागे पितळेचं छोटं चाक. रंधा जालंधरचा असो, चीनचा असो की इंग्लंडचा, ही मांडणी बदलत नाही. खोक्यावर बहुधा ४ किंवा ५ असा आकडाही असतो. ही मांडणी आणि हे आकडे, दोन्ही दीडशे वर्षांचे आहेत. घरच्या वर्कशॉपसाठी पहिला रंधा घेणाऱ्याने त्यांची कुळकथा जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. खोक्यातून काढलेला नवाकोरा रंधा नीट का चालत नाही आणि तो चालता कसा करायचा, हे या कथेतूनच उमगतं.

सुताराच्या हत्यारांत रंधा तसा उशिरा आला. प्राचीन इजिप्तच्या सुताराकडे करवत होती, पटाशी होती, वाकस होता, कमानीने फिरवायचा सामता होता, रंधा नव्हता. फळी वाकसाने तासायची आणि वालुकाश्माने घासून गुळगुळीत करायची, अशी त्याची रीत. वाकसाचा प्रत्येक घाव किती खोल जाणार हे हातावर ठरतं. रंध्यात ते हातावर राहत नाही. पात्याभोवती सपाट तळ असतो, तळातून पात्याची धार केसाएवढी बाहेर डोकावते आणि तेवढंच लाकूड निघतं. तळ उंचवट्यांवरून सरकतो, खळग्यांवरून तरंगत जातो, आणि तळाचा सपाटपणा हळूहळू फळीत उतरतो. ज्याचा तळ वाकडा त्याची फळी वाकडी.

ही युक्ती रोमन काळात पुरती रुळलेली दिसते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत रंधे मिळाले आहेत. जर्मनीतल्या सालबुर्गच्या लष्करी ठाण्यात मिळाले, इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला मिळाले. यॉर्कशरमधल्या गुडमनहॅमजवळ तर हस्तिदंती अंगाचा आणि लोखंडी तळाचा रोमन रंधा सापडला. फर झाडाच्या लाकडाची साल रंध्याखालून वेटोळी होत कशी बाहेर पडते, याची नोंद प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात केली आहे. व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटात प्लिनीचाही अंत झाला.

पुढची सतराशे-अठराशे वर्षं रंधा मुख्यतः लाकडाचाच राहिला. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रजी युद्धनौकेवरच्या सुतारांच्या सामानात रंधे निघाले. त्यांचं तत्त्व आजही कुणालाही ओळखू येईल. जपानात रंधा जरा वेगळ्या वाटेने गेला. तिथे पंधराव्या-सोळाव्या शतकांत ठोकळ्याचा रंधा रुळला आणि तो ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढायची पद्धत पडली. आपल्याकडे बलुतेदारीतल्या सुताराला रंध्यासाठी दुकानात जायचं कारण नसे. पातं लोहाराकडून यायचं आणि अंग तो स्वतः बाभळीचं किंवा शिसवाचं घडवायचा.

लाकडी रंध्यात पातं पाचरीने आवळलेलं असतं. पातं खोल घ्यायचं तर त्याच्या माथ्यावर हातोडीची हलकी टिचकी द्यायची, मागे घ्यायचं तर रंध्याच्या लाकडावर ठोका मारायचा, एका अंगाला झुकलं असेल तर बाजूने ठोकायचं, आणि शेवटी पाचर पुन्हा आवळायची. पाचर आवळताना पातं पुन्हा हलतं, ते वेगळंच. जुन्या सुताराला हे सगळं आवाजावरून कळतं. पातं पक्कं बसलं की ठोक्याचा नाद बदलतो. हे कान उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं घालवल्यावर तयार होतात. म्हणजे रंधा विकत मिळाला तरी तो चालवण्याचं ज्ञान विकत मिळत नव्हतं, आणि नेमक्या याच अडचणीतून लोखंडी रंधा जन्माला आला.

त्याआधी एका माणसाबद्दल थांबून लिहायलाच हवं. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, रेंथम या गावी, फ्रान्सिस निकल्सन नावाचा कारागीर रंधे बनवत असे. तिथल्या अगदी आरंभीच्या रंधे घडवणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा गुलाम होता आणि त्याने हे काम मालकाच्याच कारखान्यात शिकून घेतलं. १७५३ साली निकल्सन वारला. मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य मिळालं. सोबत जमीन मिळाली, हत्यारं आणि लाकूड मिळालं. त्यानंतर १७८४ मध्ये मरेपर्यंत तो स्वतःच्या नावाने रंधे बनवत राहिला. त्याच्या रंध्यांच्या पुढच्या टोकावर लाकडात ठोकलेला शिक्का आहे: आपलं नाव, आणि आपण रेंथममध्ये राहतो एवढी माहिती. ज्याच्यावर काल दुसऱ्याची मालकी होती, त्याने आपलं नाव आणि गाव लाकडात ठोकून विकायला ठेवलं. हत्यारांच्या इतिहासात यापेक्षा मोलाची वस्तू मला माहीत नाही. आज हे रंधे संग्रहालयांत जपलेले आहेत.

त्याच शतकात पात्यावर दुसरी लोखंडी पट्टी बसवायची कल्पना पसरली. फिलाडेल्फियातला सॅम्युअल करुथर्स १७६७ मध्ये अशा दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात करत होता. ही पट्टी साल वर वळवते आणि मोडते, त्यामुळे ती लाकडात उलटी फाटत जात नाही. ओतीव लोखंडाच्या अंगाचं पेटंट अमेरिकेत १८२७ साली हॅझर्ड नोल्सने घेतलं, पण पातं तिथेही पाचरीनेच आवळलेलं होतं. अंग बदललं, अडचण तीच राहिली.

ती सोडवली लिओनार्ड बेलीने. हा १८२५ साली न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेला, पेशाने फर्निचर करणारा. रोज रंधा वापरणारा माणूस रंध्यावर विचार करत बसला, याला मी फार महत्त्व देतो. १८५८ च्या पेटंटात त्याने पाचर काढून टाकली. तिच्या जागी छोट्या खटक्याने आवळली जाणारी टोपी आली. खटका दाबला की पातं पक्कं, उचलला की मोकळं. हातोडी नको, स्क्रूड्रायव्हर नको. मग १८६७ साली आलं ते पितळी चाक. चाक स्क्रूवर पुढेमागे जातं, त्याच्या खाचेत एका तरफेची दोन टोकं बसलेली असतात आणि तरफेचं दुसरं टोक वरच्या पट्टीतल्या भोकात शिरतं. चाक फिरवलं की पातं केसभर पुढे किंवा मागे सरकतं, आणि हे सगळं टोपी आवळलेली असताना होतं. त्याच वर्षी त्याने पात्यावरच्या पट्टीला टोकाशी कमानीसारखा उंचवटा दिला. तो पातळ पात्याला धारेजवळ दाबून धरतो, म्हणून जाड पात्याची गरज संपली आणि पोलादाचा खर्च वाचला.

१८६९ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचा धंदा आणि पेटंटं घेतली. काही वर्षांतच बेलीचं कंपनीशी फाटलं. त्याने ‘व्हिक्टर’ नावाचे नवे रंधे काढले, आणि पुढे ‘व्हिक्टर’ही स्टॅन्लीच्याच हातात गेले. १९०५ साली तो वारला, त्याच्या थोडं आधीच कंपनीने रंध्यांच्या अंगावर ‘बेली’ हे नाव ओतीव अक्षरांत घालायला सुरुवात केली होती. एक गोष्ट मात्र बेलीची नाही: पातं डावी-उजवीकडे झुकवणारी, वर डोकावणारी कांडी. ती स्टॅन्लीचाच कल्पक कारागीर जस्टस ट्राउट याच्या १८८० च्या दशकातल्या पेटंटांतून आली. त्याच्या नावावर शंभरावर पेटंटं आहेत.

आकडेही याच घरातले. १ सर्वांत छोटा, ८ सर्वांत लांब. ४ म्हणजे सुमारे ९ इंच लांबीचा, शेवटचा हात फिरवायचा रंधा. ५ म्हणजे १४ इंची, ज्याला आपले सुतार ‘जॅक’ म्हणतात. ७ म्हणजे २२ इंची, लांब फळीची कड सरळ करणारा. पेटंटांची मुदत संपल्यावर जगभरच्या कारखान्यांनी रंधा उचलला तसे आकडेही उचलले. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने १९३० च्या दशकात आपले रंधे काढले तेव्हा आकड्यांपुढे फक्त एक शून्य लावलं: ०४, ०५. आपल्याकडचे जालंधर-लुधियानाचे कारखाने याच वंशातले.

लोखंडी रंधा लाकडीपेक्षा चांगलं लाकूड काढतो म्हणून जिंकला, असं मी मानत नाही. धारदार पात्याचा लाकडी रंधा हलका असतो, लाकडावरून लोण्यासारखा सरकतो आणि दिवसभर चालवला तरी खांदा कमी दुखतो. लोखंडी जिंकला तो पितळी चाकामुळे. ज्याला उस्ताद लाभला नाही त्यालाही पातं केसभर पुढे घेणं जमू लागलं. शाळेतला मुलगा, कारकून, रविवारी घरातलं कपाट स्वतः करू पाहणारा माणूस या सगळ्यांसाठी सुतारकामाचं दार या चाकाने उघडलं. घरच्या वर्कशॉपची कल्पना इतकी पसरली, त्यात या चाकाचा वाटा मोठा आहे. मला तो उपकारच वाटतो.

उतार लागला दुसऱ्या महायुद्धानंतर. विजेवर चालणारी यंत्रं आली, व्यावसायिक सुताराचा रंधा बाजूला पडला आणि कारखाने पैसे वाचवू लागले. तळ घासण्याचं काम उरकतं घेतलं, पातं जिथे टेकतं ती बैठक खडबडीत सोडली, मुठी प्लॅस्टिकच्या झाल्या. मांडणी बेलीची राहिली, निगुती गेली. ती परत आणली छंद म्हणून काम करणाऱ्यांच्या मागणीने. अमेरिकेत मेनमधल्या थॉमस ली-नील्सनने १९८१ पासून जुन्या स्टॅन्ली रंध्यांच्या धर्तीवर चोख रंधे बनवायला घेतले, कॅनडात ‘ली व्हॅली’च्या ‘व्हेरिटास’ने स्वतःची रचना केली. ते रंधे खोक्यातून काढताच चालतात. किंमत मात्र आपल्या दुकानातल्या रंध्याच्या कितीतरी पट. म्हणून आपण घेतो तो स्वस्त रंधा अर्धवट घडवलेला आहे असं समजूनच घ्यावा. उरलेलं काम घरी करायचं असतं आणि ते कुणालाही जमण्यासारखं आहे.

दुकानातच खोकं उघडायला लावा. पोलादी पट्टीची कड तळावर उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. पात्याच्या तोंडापाशी, पुढच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी पट्टी टेकली पाहिजे. तोंडापाशीच फट दिसली तर दुसरा मागा. पट्टीखाली इतरत्र थोडा उजेड चालतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासलं की तो जातो. घासताना पातं आत घेऊन टोपी आवळलेलीच ठेवा, कारण आवळल्यावर लोखंडाचं अंग किंचित वाकतं. पात्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, धारेलगत आरशासारखी होईपर्यंत दगडावर घासा. मग उताराला २५ अंशांवर आणि अगदी टोकाला ३० अंशांवर धार द्या. वरची पट्टी पात्यावर फट न राहता बसली पाहिजे, नाहीतर साल त्या फटीत शिरते आणि तोंड चोंदतं.

ही पट्टी धारेच्या किती जवळ ठेवायची यावर सुतारांचे वाद होत. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांनी धार लाकूड कापतानाची मोठी करून दाखवणारी फिल्म काढली. पट्टी मिलिमीटरच्या काही दशांशांवर आली की उलट्या रेषेचं लाकूडही फाटत नाही, हे तिच्यात डोळ्यांनी दिसतं. शिसवासारख्या गुंतलेल्या रेषेच्या लाकडावर करून पाहा. साग सरळ रेषेचा, रंध्याखाली गुणी. पण त्यात सिलिका असते, ती धार लवकर मारते. सागावर काम असेल तर धारेचा दगड हाताशी ठेवा.

चाकाची सवयही लावून घ्यावी लागते. चाकात आणि तरफेत थोडी ढील असतेच. पातं मागे घेऊन तसंच सोडलं तर काम करताना ते आणखी मागे सरकतं. म्हणून आधी हवं त्यापेक्षा थोडं जास्त मागे घ्या आणि शेवटचा फेरा नेहमी पुढे सरकवणारा ठेवा. आधी काहीच निघणार नाही इतकं पातं आत असू द्या, रंधा फळीवर चालवत चाक थोडं थोडं फिरवा, आणि पहिली साल ज्या अंगाने निघेल त्याप्रमाणे ट्राउटची कांडी हलवा.

पहिलाच घ्यायचा असेल तर माझं मत ५ नंबरला. तो खरवडायलाही चालतो आणि सफाईलाही, आणि १४ इंचांचा तळ छोट्या फळ्या सरळ करायला पुरतो. आणि घरात आजोबांचा लाकडी रंधा माळ्यावर पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याचं जाड पातं बहुधा लोखंडावर पोलादाचा पापुद्रा जोडून घडवलेलं असतं. ते नव्या पातळ पात्यासारखं थरथरत नाही आणि थोड्या मेहनतीत आजही उत्तम धार धरतं.