बक्षीस कोणाला, दस्तुरी कोणाची?

क्रूझचं बिल एकदा नीट वाचून बघा. खोली, जेवण, बंदराचे कर हे सगळं झाल्यावर खाली एक ओळ असते: ‘डेली ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’. अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर ही रक्कम माणशी, दर दिवसाला, साधारण 15 ते 20 डॉलरच्या घरात असते. चौघांचं कुटुंब सात दिवस फिरलं की चारशेवीस ते पाचशेसाठ डॉलर नुसते टिपचे. तिकीट घेताना हा आकडा फारसा कोणाच्या डोळ्यात भरत नाही. शेवटच्या रात्री भरतो.

महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीला धरून जो पट्टा आहे, त्याला आम्ही खाडीपट्टा म्हणतो. माझं तुडील त्यातलंच. आमच्याकडे हा टिपचा प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. मुंबईत किंवा आखातात चार पैसे जमवलेला माणूस घरच्यांना क्रूझवर न्यायला निघतो आणि विचारतो, “टिप किती द्यायची रे?” हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून जहाजावर चढायला निघालेला पोरगा विचारतो, “टिप किती मिळते?” दोघांनाही उत्तर हवं असतं ते आकड्यात. पण आकड्यामागे दीडशे वर्षांचा एक हिशेब आहे आणि त्यात आपल्या किनाऱ्याची माणसं आहेत. तो माहीत असला की खिशात हात घालताना आपण काय करतोय ते कळतं.

एक मूळ, दोन शब्द

‘बक्षीस’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘बख्श’ म्हणजे देणं, आणि माफ करणंही. मराठीत बक्षीस म्हणजे स्पर्धेतलं पारितोषिक झालं, कचेरीत त्याचं ‘बक्षीसपत्र’ झालं. इंग्रजांनी पूर्वेकडून जे शब्द उचलले त्यात हाही होता, आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ उरला तो फक्त नोकराच्या हातावर ठेवलेली चिल्लर.

याच फारसीतून आलेला दुसरा शब्द ‘दस्तुरी’. दस्तूर म्हणजे रिवाज. रिवाजाने द्यायची रक्कम ती दस्तुरी. बक्षीस वरून खाली येतं. दस्तुरी खालून वर जाते. जहाजावरच्या पैशाची गोष्ट या दोन शब्दांत मावते, फक्त इतिहास सांगणारे बहुतेक जण पहिलाच शब्द सांगतात.

खाडी हाच रस्ता

आज महाडहून म्हाप्रळकडे गाडी जाते, आंबेतच्या पुलावरून खाडी ओलांडता येते. पण शंभर वर्षांपूर्वी या मुलखाचा मुख्य रस्ता पाण्याचा होता. मुंबईहून आगबोट निघायची, बाणकोटच्या मुखाशी यायची आणि भरती असेल तशी माणसं, माल आत सरकायचा. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून आले ते ‘पद्मावती’ बोटीने. ते उतरले दासगाव बंदरात, 25 डिसेंबरला, आणि तिथून महाडला गेले. आज दासगावातून महामार्गाने भरधाव जाणाऱ्याला हे बंदर होतं हेही सांगावं लागतं.

ज्या गावाच्या दारात बोट लागते, त्या गावातला माणूस बोटीवर कामाला जातोच. कोकण किनाऱ्यावरच्या खाड्याखाड्यांतून माणसं मुंबईच्या गोदीत गेली आणि तिथून पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर. 1869 साली सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं वाढली, तशी ही मागणीही वाढली. 1914 च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांवर ‘लास्कर’ होते. एकूण खलाशांमध्ये दर सहामागे जवळपास एक. त्यांचा पगार त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका असे.

डेकवर कोण, सलूनमध्ये कोण

मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओच्या जहाजांवर कामाची वाटणी गाव, जात, धर्म बघून झालेली असे. डेकवर कोकणातले आणि गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी. खाली इंजिनात मुख्यतः पंजाब आणि सरहद्द प्रांतातले आगवाले, कोळसेवाले. आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात नि प्रवाशांच्या खोल्यांत, गोव्याचे ख्रिस्ती बांधव. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोवेकरांच्या ज्या ‘कुडी’ होत्या, त्या एकेका गावाच्या. जहाज लागलं की तिथे येऊन राहायचं, पुढचं जहाज मिळेपर्यंत.

आता बक्षिसाचा विचार करा. प्रवासी तीन आठवडे जहाजावर आहे. त्याला रोज कोण दिसतं? सकाळी चहा आणणारा, आंघोळीचं पाणी तयार ठेवणारा, जेवताना खुर्ची ओढून देणारा. सगळे सलूनचे. प्रवास संपताना कोणाला किती द्यायचं याचे ठरीव दर असत आणि त्या काळच्या प्रवासमार्गदर्शिका ते छापतही. पहाटे साहेब झोपलेला असताना डेक घासून धुणारा कोकणी खलाशी त्या यादीत नव्हता. लाल समुद्रातल्या उकाड्यात भट्टीत कोळसा लोटणारा तर प्रवाशाला अख्ख्या सफरीत एकदाही दिसत नसे.

म्हणजे बक्षीस मिळायला कष्ट पुरेसे नव्हते. दिसावं लागे.

पण गोवेकर स्ट्युअर्डचं फार भलं झालं असंही समजू नका. टिप हा कंपनीच्याही फायद्याचा सौदा होता. ‘टायटॅनिक’चं उदाहरण घ्या. 1912 साली त्या जहाजावर साध्या स्ट्युअर्डचा महिन्याचा पगार होता 3 पौंड 15 शिलिंग आणि अनुभवी खलाशाचा 5 पौंड. स्ट्युअर्डला कमी का? कारण उरलेलं प्रवासी देतील, असं कंपनीने गृहीत धरलेलं. तिकिटाचे पैसे कंपनीने घ्यायचे आणि नोकराच्या पगाराचा एक तुकडा पुन्हा प्रवाशाच्याच खिशातून काढायचा. वर त्याला औदार्य म्हणायचं. आजच्या बिलातली ती शेवटची ओळ इथून आलेली आहे.

दस्तुरीचा जिना

डेकवरच्या माणसाला बक्षीस नव्हतं, पण दस्तुरी होती. म्हणजे ती त्याला द्यावी लागे.

डेकवरच्या माणसांचा मुखिया सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, सुकाणी, खलाशी, स्वयंपाकाला भंडारी. कंपनी एकेका खलाशाला निवडत बसत नसे. सारंगाला सांगितलं की तो आपली माणसं घेऊन येई: आपल्या गावची, भाऊबंदांतली, ओळखीतली. परक्या समुद्रात गावचा माणूस पाठीशी असणं ही मोठी गोष्ट होती, आणि सारंग अनेकदा खरोखर बापासारखा सांभाळणाराही असे. पण नोकरी त्याच्या हातात होती, आणि जिथे नोकरी एका माणसाच्या हातात असते तिथे दर ठरतो. खलाशाने सारंगाला द्यायचं. मुंबईत जहाजाची वाट बघत राहायचं तर खानावळवाल्याचं कर्ज. मधल्या दलालाचं वेगळं. पहिला पगार हातात पडण्याआधीच त्याला वाटे फुटलेले.

जहाजं कमी आणि माणसं जास्त झाली की हा दर चढे. हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. 1920 साली इटलीतल्या जिनोआ इथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खास खलाशांसाठी परिषद भरवली आणि करार केला की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेता कामा नयेत. 1922 मध्ये हिंदुस्थान सरकारने ए. जी. क्लो यांच्या अध्यक्षतेखाली खलाशी भरतीवर समिती नेमली. 1931 मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या कामगार आयोगाच्या अहवालातही हाच विषय होता. कागद होत राहिले. गोदीच्या दारात दस्तुरी चालूच राहिली.

फरक पडायला लागला तो संघटना आणि स्वातंत्र्य या दोन्हींमुळे. मुंबईत सरकारी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस सुरू झालं, नावं नोंदली जाऊ लागली, पाळीने जहाज मिळू लागलं. 1958 च्या मर्चंट शिपिंग ॲक्टाने खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं हा गुन्हा ठरवला.

मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली होती. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी जहाजींचं स्मारक तिथे आहे. पाणतीराने जहाज फोडलं तेव्हा सलून, डेक, इंजिन असा भेद राहिला नाही. फक्त इंजिनातल्या माणसाला वर यायला जिने जास्त होते.

मग आज किती द्यायचं?

आता आकड्याकडे येऊ.

आधी तिकीट वाचा. सर्व्हिस चार्ज त्यात धरलेला आहे, रोज खात्यावर चढणार आहे, की काहीच नाही, हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. गंमत म्हणजे ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 पासून वेगळी टिप लावणं बंद केलं आणि ती रक्कम भाड्यातच धरली. ज्या नावाच्या जहाजांवर बक्षिसाचे दर ठरलेले होते, त्याच नावाने तो रिवाज मोडला. मोडता येतो, हे त्यातून दिसतं.

दुसरं, रोज लागणारी टिप असेल तर शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढायला लावू नका. आपल्याकडे हॉटेलातला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ती सवय घेऊन आपण जहाजावर जातो. पण परदेशी झेंड्याच्या जहाजावर हा कायदा पोचत नाही, आणि अनेक कंपन्यांत ही रक्कम सामायिक पेटीत जाऊन वाटली जाते. काही ठिकाणी तर हमी पगाराच्या हिशेबातच ती धरलेली असते. तुम्ही ती काढली की कंपनीला धडा मिळत नाही. खोली साफ करणाऱ्याचे पैसे कमी होतात.

तिसरं, ही पेटी कोणाकोणात वाटली जाते ते विचारा. लॉन्ड्रीवाला, भांडी घासणारा, पडद्यामागचे लोक त्यात आहेत का? पहाटे डेक धुणाऱ्याचा प्रश्न अजून तोच आहे. विचारायला पैसे पडत नाहीत आणि प्रवासी विचारतात हे कंपनीला कळतं.

चौथं, कोणी खास काळजी घेतली असेल तर वर थोडं रोख द्या, पाकिटात घालून, त्याच्याच हातात. आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहा. कंत्राटावर काम करणाऱ्याला लेखी नावाची किंमत नोटेपेक्षा कधीकधी जास्त असते. कॅप्टनला, इंजिनिअरला टिप द्यायची नसते, तसं केलं तर दोघंही अवघडतात.

एवढं केलं म्हणजे आपण उदार झालो, असं मात्र मानू नये. ज्याचा पगार मालकाने पूर्ण द्यायला हवा होता, त्याची राहिलेली बाकी आपण चुकवतोय.

आणि चढायला निघालेल्या पोरांना

“टिप किती मिळते” असं विचारणाऱ्या आमच्या पोरांना मी आधी उलटा प्रश्न विचारतो: “एजंटला किती दिलेस?”

उत्तर बहुतेक वेळा येत नाही. मान खाली जाते. कोणाच्या आईचे दागिने गेलेले असतात, कोणी वाडीवर कर्ज काढलेलं असतं. सारंगाची जागा चकचकीत ऑफिस आणि व्हॉट्सॲपच्या डीपीने घेतली आहे, एवढाच बदल. सारंग निदान त्याच जहाजावर सोबत यायचा.

म्हणून हे स्पष्ट लिहितो. 2006 चा सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. भरती करणाऱ्या कंपनीकडे डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर फोनवरूनही बघता येते. नाव यादीत नसेल तर तिथून उठा. नाव यादीत असून पैसे मागितले, तर तक्रार करा. ‘प्रोसेसिंग’, ‘सिक्युरिटी’, ‘ट्रेनिंग’ अशी कितीही नावं दिली तरी ती दस्तुरीच.

आणि टिपचा जो मोठा आकडा तुम्हाला भरतीच्या वेळी सांगतात, तो लिहून मागा. हमी पगार किती, टिप धरून किती, हे करारात वेगवेगळं असायला हवं. टिप मिळालीच तर ती वरकड. आईला सोडवून द्यायचे दागिने पगारातून सुटले पाहिजेत.