सहा ठिपक्यांचा भूभुंगेरा

कॅरॅबिडी कुलातील मोठा, मांसाहारी व प्रायः निशाचर भुंगेरा. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगटाटा. लिनीअसचा शिष्य फाब्रिसियस याने 1775 साली त्याचे वर्णन केले. वेबरने 1801 मध्ये स्थापिलेल्या अँथिया प्रजातीत त्याचा पुढे समावेश झाला. भारतीय भूभुंगेऱ्यांच्या अभ्यासकाला वनखात्यातून कीटकशास्त्राकडे वळलेल्या एच. ई. अँड्र्यूज यांचे 1929 व 1935 सालचे दोन खंड आजही हाताशी ठेवावे लागतात.

ओळख : लांबी सुमारे 4 सेंमी., वर्ण काळाकुट्ट. पुरोवक्षावर दोन व कठीण पुढल्या पंखांवर चार पांढुरके ठिपके. तथापि केवळ ठिपके मोजून जातिनिर्णय करणे धोक्याचे. कारण हे ठिपके दाट लवेचे असल्याने घासल्या गेलेल्या नमुन्यात ते विरळ होतात, आणि तसेच ठिपके मिरविणारे थेरिया प्रजातीतील झुरळ नवख्या संग्राहकाला सहज चकविते. म्हणून नमुना उताणा करून भिंगाखाली पाहावा : मागील पायांच्या बुडांनी उदराचा पहिला दृश्य खंड दुभागलेला असला, शृंगिका 11 खंडांच्या व प्रत्येक पाऊल पाच खंडांचे असले, तर कुलाविषयी संशय उरत नाही. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. भुंगेऱ्याचे पाठीच्या मध्यरेषेवर काटेकोर भिडतात.

डिवचल्यास उदराच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. डोळ्यांना ती फार झोंबते. सबब चिमट्यानेच उचलावा. झुरळाचे ठिपके हे या दाहक भुंगेऱ्याचे अनुकरण होय, असे काही अभ्यासक मानतात.

अधिवास : उघडी, खुरट्या झुडपांची जमीन. रत्नागिरी जिल्ह्यात शोध घ्यावयाचा तर जांभ्याच्या सड्यांवर, जेथे मातीचा थर बोटभर असून कातळाच्या भेगांत व सुट्या दगडांखाली ओल टिकते, तेथे तिन्हीसांजेनंतर कंदील घेऊन फिरावे. उचललेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा. नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, दगडाची जात व लगतची वनस्पती ही नोंद अवश्य असावी. तिच्यावाचून नमुन्याचे मोल निम्मे होते. महसुली दप्तरात पोटखराबा म्हणून दाखल असलेली ही जमीन निर्जीव समजून चिरेखाणीसाठी वा कलमांच्या लागवडीसाठी फोडली जाते. उडता न येणारा असा कीटक एका सड्यावरून उठून दुसऱ्यावर सहजी वसू शकत नाही, ही गोष्ट परवाना देणाराने ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

आहार : इतर कीटक. पिकांस उपद्रव नाही.