प्रवेशाचे दार आणि गुणपत्रिका

१८९१ हे साल आपल्या परिसराने दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी १४ एप्रिलला महूच्या छावणीत रामजी सकपाळांच्या घरी भीमराव जन्मले आणि त्याच वर्षी शिवाजीराव होळकरांनी इंदुरात होळकर कॉलेज सुरू केले. आपल्यापैकी अनेक घरांच्या दोन-तीन पिढ्या त्या कॉलेजात शिकल्या. म्हणूनच प्रवेशातील आरक्षणाचा विषय निघाला की ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या ओठांवर आधी येतो.

भीमराव १९०७ साली मुंबईत मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या गुणवत्ता यादीत हे नाव दिसले नसते. पण केळूसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात पोचला. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्याच्या नावापुढे लागली.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेब एकच. अपवादावरून नियम बांधू नये. रास्त आहे. म्हणून सामान्य विद्यार्थ्यांचे काय झाले ते पाहू. बागडे, एपल आणि टेलर या अभ्यासकांनी एका राज्यातील २०० हून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालये तपासली. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. राखीव जागांमुळे मागास जातींची मुले अधिक संख्येने आणि अधिक चांगल्या महाविद्यालयांत पोचली. झेपेल त्याहून कठीण ठिकाणी गेल्याने त्यांचे शिक्षण बिघडले, असा पुरावा सापडला नाही.

बर्ट्रांड, हॅना आणि मुल्लैनाथन यांचा २०१० सालचा अभ्यास दोन्ही बाजू मांडतो. प्रवेशपरीक्षेत बरेच कमी गुण असूनही राखीव जागेवरील मुलांची पुढील कमाई चांगली वाढली. शिवाय ज्यांची जागा गेली, त्यांच्यापेक्षा ही मुले गरीब घरची होती. पण जागा गमावलेल्यांचे नुकसानही खरे होते, आणि मुलींच्या वाट्याला जागा कमी आल्या. ज्या घरातील मुलाचा प्रवेश हुकतो, त्या घराचे दुःख खोटे नाही. ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्या नोकरीतल्या होत्या. पण नोकरीच्या आधी शाळा लागते आणि शाळेसाठी गावाबाहेर राहण्याची सोय लागते, हे ओळखून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. नुसते दार उघडून भागत नाही, आत आलेल्याला निवारा आणि शिकवणारा माणूस हवा, हा त्यातला धडा.

आपले पूर्वज होळकरशाहीत आले, तेव्हा त्यांच्या गाठीला लिहिणे-वाचणे होते. ते आजोबांकडून नातवाकडे येत गेले; त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही. पुढच्या वेळी बैठकीत गुणांचा हिशेब मांडाल, तेव्हा तो रकानाही भरून पाहा.