डेबियनची सबुरी

लिनक्स हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा केवळ गाभा होय. त्याभोवती हजारो प्रोग्राम गोळा करून, ते परस्परांशी जुळवून लोकांच्या हाती दिलेल्या संचास ‘वितरण’ म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेले ‘डेबियन’ हे त्यांपैकी एक जुने व मानाचे वितरण.

घाईचा पहिला फटका त्यास बाहेरूनच बसला. १९९५ साली एका सीडी-विक्रेत्याने अर्धवट तयार संच ‘डेबियन १.०’ म्हणून विकला. गोंधळ टळावा म्हणून १९९६ च्या खऱ्या आवृत्तीस १.१ हा क्रमांक द्यावा लागला.

पुढे २००० साली एक नामी व्यवस्था निघाली. नवा प्रोग्राम प्रथम ‘अस्थिर’ दालनात यावयाचा. तेथे सामान्यतः दहा दिवस, निकड असल्यास पाच किंवा दोनच, गंभीर तक्रार न आली तर तो ‘चाचणी’ दालनात जावयाचा. आणि सर्व काही जुळले की त्यातूनच ‘स्थिर’ आवृत्ती निघावयाची. स्थिर आवृत्तीत मग जुनाच प्रोग्राम ठेवून केवळ दोष बुजवितात.

तरीही जुलै २००२ च्या ३.० नंतर ३.१ निघावयास जून २००५ उजाडले. अकरा जातींच्या यंत्रांवर चालणारा संच, त्यात स्थापनेचा प्रोग्रामही नवा! सबुरी खरी, पण तीन वर्षांत यंत्रेच जुनी होतात. तोवर ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांचे ‘उबुंटू’ डेबियनच्याच अस्थिर दालनातील माल घेऊन, सहामाही आवृत्त्यांचा वायदा करीत पुढे आले होते. अर्थात वायद्याचे गुलाम तेही झाले नाहीत. २००६ च्या एप्रिलची आवृत्ती सर्व्हरवर पाच वर्षे सांभाळावयाची होती, म्हणून ती जूनपर्यंत रोखून धरली गेली.

थांबण्याचे चीज होते ते त्या काळात कोणी पारखले तरच. २००६ साली डेबियनच्या ओपन-एसएसएलमधून दोन ओळी वगळल्या गेल्या आणि संगणकाच्या गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. एकाच जातीच्या व लांबीच्या किल्ल्या अवघ्या ३२,७६७! हा दोष स्थिर आवृत्तीतही शिरला व मे २००८ मध्ये जाहीर झाला. याउलट मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रोग्राममध्ये कोणी घुसविलेले चोरदार अस्थिर व चाचणी दालनांतच अडले. अस्थिर संच वापरणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, आणि त्यांनी त्याचा माग काढला.