बॉस्टनचा डॉलर, पुण्याची शाळा

परवा दापोडी स्टेशनातून बाहेर पडतोय तोच एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मुलानं गाठलं. मुलींच्या शिक्षणासाठी दरमहा थोडे पैसे खात्यातून कापू द्या म्हणे. आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. विचारलं, "पैशांचं काय झालं ते मला कोण सांगणार?" तो म्हणाला, "सर, वार्षिक अहवाल येतो ना!"

उत्तर बरोबरच होतं. पण घरी येईपर्यंत डोक्यात पंडिता रमाबाई घोळत राहिल्या. का ते सांगतो.

आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगाव बोलत फिरल्या. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, 10 वर्षं. त्या पैशांतून 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.

रमाबाई 1883 मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. म्हणून नियम ठरला की सदनात धर्मप्रचार करायचा नाही. वर सल्लागार म्हणून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मंडळी. थोडक्यात पैसा बॉस्टनचा, शब्द पुण्याचा आणि काम रमाबाईंचं. कागदावर झकास डिझाईन!

बिघडलं कुठे? तर एका दारापाशी. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. प्रचार करू नका असा नियम होता, दार लावून घ्या असं कुणी लिहिलं नव्हतं. (स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांना हे दुखणं माहीत असेल.) 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. ऑगस्ट 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि पालकांना मुली परत न्यायला सांगितलं. बऱ्याच मुली गेल्याही.

मला रानड्यांची अडचण कळते. लोकांनी मुली धाडल्या त्या त्यांच्या शब्दावर. रमाबाईंचंही पटतं, स्वतःचा धर्म त्यांनी कधी लपवला नव्हता. बॉस्टनला अहवाल जात होता, पुण्याला जाब विचारता येत होता. पण परत नेलेल्या मुलींचं काय? कुणाच्या सोवळ्या स्वयंपाकघरात त्या पुन्हा जाऊन पडल्या असतील? "तुला जायचंय का?" हे त्यांना विचारायची सोयच त्या डिझाईनमध्ये नव्हती.

बॉस्टनचे पैसे मात्र येत राहिले. मुदत संपल्यावर 1898 मध्ये रमाबाई पुन्हा तिकडे गेल्या, असोसिएशनची नव्यानं घडी बसली. तोवर केडगावला मुक्तीचं काम सुरू झालं होतं आणि तिथे धर्माबद्दल काही झाकपाक नव्हती.

2006 मध्ये ऑक्सफॅम, ॲम्नेस्टी, ग्रीनपीस अशा 11 मोठ्या संस्थांनी आपणहून उत्तरदायित्वाची सनद केली. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनाही आपण बांधील आहोत, हे त्यात लिहिलं. कुणी सक्ती केली नव्हती, त्याचं कौतुकच. तरी 2011 मध्ये हैतीत ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेलं लैंगिक गैरवर्तन जगाला नीट कळलं ते 2018 मध्ये, तेही वर्तमानपत्रातून.

असो. त्या मुलानं दिलेलं पत्रक समोर आहे. मागे देणगीदारांसाठी फोन नंबर छापलाय. मुलींसाठी कुठला आहे, ते सोमवारी स्टेशनवर भेटला तर विचारणार आहे.