पातळ पडदा, भक्कम पाठ

घरच्या आरओचं निकामी झालेलं मेंब्रेन फेकण्याआधी एकदा ब्लेडने चिरून बघा. मी रसायनशास्त्राचा मास्तर. वर्गात हा उद्योग हमखास करायचो. मधल्या भोकाभोकांच्या नळीभोवती गुंडाळलेले ताव सुटे होतात. प्रत्येक तावात तळाला पॉलिस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि सगळ्यात वर, दुधावरच्या सायीसारखा, पॉलिअमाइडचा पापुद्रा. जाडी जेमतेम ०.२ मायक्रॉन. मीठ अडवतो तो हाच. बाकीचे दोघे नुसता दाब झेलतात.

कामाची ही वाटणी सुचायला बराच काळ गेला. १९५०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म मीठ अडवते हे दाखवलं, पण तिच्यातून पाणी येई ते थेंबथेंब. लॉस एंजेलिसला लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरीराजन यांनी वर घट्ट, खाली भुसभुशीत असा पडदा बनवला आणि धार वाढली. तो उलटा बसवला तर मीठ अडत नसे! १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या पद्धतीचं पाणी लोकांच्या घरी पोचलं. तरी अडचण उरलीच. दोन्ही थर एकाच पदार्थाचे, त्यामुळे दाबाखाली पडदा चेपायचा आणि जंतू त्याला खायचे.

तोड काढली मिनियापोलिसच्या जॉन कॅडॉट यांनी, १९७०च्या दशकात. पॉलिसल्फोनचा थर अमाइनच्या पाण्यात भिजवायचा आणि त्यावर अ‍ॅसिड क्लोराइड विरघळवलेलं हेक्झेनसारखं द्रावक ओतायचं. दोन्ही द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. जिथे भिडतात तिथेच क्षणात पापुद्रा धरतो. एकदा धरला की अमाइनची वाट तोच अडवतो, म्हणून तो जाड होत नाही. कुठे भोक राहिलंच, तर तिथून अमाइन वर येऊन ते बुजवतं. पातळपणा आणि अखंडपणा असे एकाच क्रियेतून साधले. मजबुतीचा भार खालच्या थरांवर टाकल्यावर वरच्याने नाजूक राहायला हरकत उरली नाही.

एका बाबतीत मात्र हा पडदा जुन्यापेक्षा हळवा निघाला. सेल्युलोज अ‍ॅसिटेट थोडाफार क्लोरीन पचवायचं, पॉलिअमाइडला तो सोसत नाही. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतोच, म्हणून मेंब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर लागतो. तो बदलायचं लांबणीवर टाकलं, तर भुर्दंड मेंब्रेनचा बसतो.